रिलेवर लिहिलेले १० अँपिअर

ओपन सोर्स हार्डवेअर म्हणजे फुकटचं हार्डवेअर, अशी अनेकांची समजूत असते. खुला असतो तो आराखडा: सर्किट, बोर्डाची फाइल, सुट्या भागांची यादी. बोर्ड, टर्मिनल, पॉवर सप्लाय यांचे पैसे मोजावेच लागतात. मिळतं ते वेगळंच. बनवणाऱ्याने उद्या धंदा गुंडाळला, तरी तोच बोर्ड दुसरीकडून करून घेता येतो. २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह या होम ऑटोमेशन हबची सेवा बंद झाली आणि लोकांच्या घरातले धडधाकट हब निकामी झाले. घराचं वायरिंग पंचवीस-तीस वर्षं चालतं. त्याला जोडलेली वस्तू मालकाच्या हातात असायलाच हवी.

‘इंटरनेट गेलं की घर ठप्प’ हेही खरं नाही. होम असिस्टंटसारखी प्रणाली घरातल्याच छोट्या संगणकावर चालते. मोठ्या इमारतीत तर आरएस-४८५ या तारांवरून संदेश पाठवण्याच्या मानकाच्या दोन पिळलेल्या तारा पुरतात. कमी वेगात १२०० मीटरपर्यंत निरोप जातो, वाय-फाय लागतच नाही.

खरा धोकादायक गैरसमज रिलेबद्दलचा, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचबद्दलचा. त्या निळ्या चौकोनी रिलेवर ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ छापलेलं असतं, म्हणून लोक त्यावर थेट पंप जोडतात. हा आकडा साध्या भाराचा, म्हणजे हीटरसारख्या, तोही प्रयोगशाळेतला. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. आमच्या इमारतीत हेच झालं. रिलेचे संपर्क वितळून चिकटले, बोर्ड ‘बंद’ म्हणत राहिला आणि गच्चीवरची टाकी रात्रभर वाहिली. रिले फोडून पाहिला, तर दोन्ही बिंदू काळे पडून एकजीव झाले होते.

बोर्ड विकत घेताना तो उलटा करून बघा. रिलेखाली बोर्डाला आरपार फट कापलेली आहे का? २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये अशी फट किंवा पुरेसं अंतर हवंच, कारण धूळ आणि पावसाळी ओल साचून पृष्ठभागावरून करंट सरकतो. आराखडा खुला असेल, तर हे अंतर विकत घेण्याआधीच मोजता येतं.

शेवटचा गैरसमज ‘मॉड्युलर’ या शब्दाचा. मॉड्युलर म्हणजे खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखं काहीही कशालाही जोडणं नव्हे. व्होल्टेज, टर्मिनल, संदेशाची भाषा ठरलेली असली, तरच एक भाग काढून दुसरा बसतो. आमच्या पॅनलमध्ये एमसीबीच्याच ३५ मिमी पट्टीवर रिलेचं मॉड्युल बसवलं होतं, म्हणून तेवढंच बदललं. मोटरची जोडणी सोडली, तर बाकी वायरिंगला हात लावावा लागला नाही. आता नवा रिले फक्त काँटॅक्टरची, म्हणजे जड भारासाठीच्या मोठ्या स्विचची, कॉइल चालवतो. मोटरचा भार काँटॅक्टर घेतो, आणि जोडणी परवानाधारक वायरमनने केली आहे.