नवजात बालकाच्या हिरडीवरील गांठ

बाळ पाहावयास हर्षानें जावें आणि त्याच्या ओठांतून लालसर मांसाचा गोळा डोकावतांना दिसावा, यापरती धास्ती घरच्या मंडळींना दुसरी नसेल. कोणी ग्रहणाचें नांव घेतें, कोणी सुनेच्या पथ्याचें. दोन्ही व्यर्थ! आईकडे बोट दाखविण्यास येथें कांहींच आधार नाहीं.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ नॉयमन यांनीं १८७१ सालीं या गांठीचें वर्णन केलें. ती बहुधा वरच्या हिरडीच्या पुढल्या भागीं, मध्यरेषेच्या जरा बाजूस, देठानें लोंबते. पृष्ठभाग गुळगुळीत, आकार वाटाण्यापासून क्वचित् लिंबाएवढा. मुलांपेक्षां मुलींत ती आठ ते दहा पट अधिक आढळते. मुख्य गोष्ट ही कीं, जन्मानंतर ती सहसा वाढत नाहीं, तिचा कर्करोग होत नाहीं आणि काढतांना थोडा अंश राहिला तरी ती पुन्हां उगवत नाहीं.

परंतु श्रोतेहो, बाळाच्या तोंडांतली प्रत्येक गांठ हीच, असें समजूं नये. हिरडीवरील पांढरे मोत्यासारखे दाणे आपोआप जातात. जन्मतःच आलेला दात बोटास कठीण लागतो. रक्तवाहिन्यांची गांठ निराळी. झपाट्यानें वाढून हाड पोखरणारी काळसर गांठ तर फारच निराळी. म्हणून काढलेली गांठ सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून, तींत मोठ्या दाणेदार पेशी दिसल्या म्हणजेच निदान पक्कें होतें. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहींत सोनोग्राफीनें कधीं कधीं ती आधींच कळते. गर्भास गर्भजल गिळतां न आल्यास तें पाणी वाढतें, तीही एक खूण. मग शल्यविशारद जवळ असेल अशा रुग्णालयांतच प्रसूति ठरवितां येते.

उपचार ठरतो तो दोन प्रश्नांवर. बाळ श्वास मोकळा घेतें काय? दूध ओढतें काय? दोहोंचें उत्तर होय असून गांठ लहान असेल, तर डॉक्टर वाट पाहतात. कांहीं गांठी आपोआप आक्रसल्या आहेत. अडथळा असेल तर बधिर करून किंवा भूल देऊन देठाशीं छेद घेतात. शस्त्रक्रिया लहानशीच असते, आणि त्यानंतर बाळ लवकरच अंगावर पिऊं लागतें. पुढें दातही बहुधा यथास्थित येतात.

चामखिळीस घोड्याचा केस बांधण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती येथें कोणीं करूं नये. गांठ रक्तवाहिन्यांची निघाल्यास रक्त थांबणार नाहीं, आणि तुटलेला तुकडा बाळाच्या श्वासनलिकेंत जाऊं शकेल. श्वास अडत असेल तर क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालय गांठावें. केवळ ओढतां येत नसेल तर आईचें दूध काढून, डॉक्टर सांगतील त्या रीतीनें, वाटी-चमच्यानें किंवा नळीनें पाजतां येतें.