शाळा हवी, पाद्री नको

मुंबई इलाख्यातल्या पाद्र्यांचा जमाखर्च बाप्तिस्म्यांच्या आकड्यावर मांडला, तर सुरुवातीची कित्येक वर्षं तोट्याचीच निघतील. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडायच्या बेतात होतं. ते टिकले आणि शाळा काढू लागले. शिकवायला पगारी ब्राह्मण पंतोजी ठेवले. पुस्तक पाद्र्याचं, पगारही त्याचाच, पण पंतोजी आपल्यातला. पालकांना एवढं पुरेसं होतं. १८२४ मध्ये या अमेरिकन मिशननं मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आले आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनीही मुलींच्या शाळा काढल्या.

पोरांनी अक्षरं घ्यावीत आणि धर्म शाळेतच ठेवून घरी यावं, असा हा अलिखित करार. तो मोडला की गहजब व्हायचा. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेताच विल्सनांच्या शाळेतली पारशी मुलं भराभर काढून घेतली गेली. हिंदूंची पाळी १८४३ मध्ये आली. नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला. बाप कोर्टात गेला, कोर्टानं मुलगा त्याच्या हवाली केला. खरा खटला पुढे घरात उभा राहिला: पाद्र्याकडे जेवलेल्या पोराला पंगतीत घ्यायचं कसं? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताचा मार्ग काढला. त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत तट पडले. मला यात पाद्र्यांपेक्षा आपल्याच मंडळींचं नवल वाटतं. मुलगा गेला म्हणून आकांत करणारे, तो परत आला तर दार लावून बसायला तयार होते.

या भीतीनं एक काम मात्र केलं. पाद्र्याची शाळा नको असेल, तर आपली काढा, हे सुशिक्षितांना उमगलं. १८४९ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांच्या सभेनं मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या.

जोतीराव फुल्यांची वाट वेगळी. ते पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेत शिकले, नगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून आले आणि १८४८ मध्ये त्यांनी स्वतःची शाळा उघडली. मिशनचं ऋण त्यांनी कधी नाकारलं नाही आणि ख्रिस्तीही झाले नाहीत. पाद्र्यांच्या हेतूवर बोट ठेवणाऱ्या उच्चवर्णीयांना जे सोयीनं दिसत नव्हतं, ते त्यांना दिसलं: अस्पृश्यांच्या पोरांना इतर शाळांची दारं बंद होती. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारनं त्याचा अर्ज फेटाळला. ज्याला दुसरं दारच नाही, त्यानं मिशनच्या शाळेत जाताना कोणत्या धर्माची चिंता करायची?

फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीनं हाच प्रश्न आधीच्या वर्षी, १८५५ मध्ये, थेट ईश्वरालाच विचारला होता: आमचा धर्म कोणता? तिचा निबंध छापला तो अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’नं.