बाधलं की लागू पडलं?

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही जनरल डॉक्टरांना विचारून पाहा. ‘मला उदास वाटतं’ असं म्हणत आत येणारा रुग्ण विरळाच. डोकं जड आहे, अंग मोडून आलंय, पोटात गॅस धरतो, पहाटे तीनला डोळा उघडतो तो पुन्हा लागत नाही, अशा तक्रारी असतात. मग रक्त तपासतात, सोनोग्राफी होते, बी-१२ ची इंजेक्शनं होतात. त्यातल्या काही तपासण्या हव्यातच. थायरॉईड मंदावलं किंवा हिमोग्लोबिन उतरलं, तरी माणूस असाच मलूल दिसतो. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून बोळवण होते आणि आजार तिथेच राहतो.

नैराश्य रक्तात सापडत नाही, स्कॅनमध्येही नाही. ते सापडतं विचारण्यात. जगभर वापरली जाणारी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची यादी २००१ साली प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न होतं का? आवडीच्या गोष्टींतला रस गेला का? झोप, भूक, थकवा, एकाग्रता कशी आहे? शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टरांनी नीट बसून बोलायला हवं. नुसत्या बेरजेवर निदान करायचं नसतं. आणखी एक प्रश्न या यादीत नाही, पण तो चुकवू नये: ‘कधी याच्या उलट झालं होतं का? झोप नको, बडबड थांबेना, पैसा पाण्यासारखा?’ उत्तर ‘हो’ असेल तर आजार बायपोलर असू शकतो, आणि नुसती नैराश्याची गोळी अशा माणसाला उन्मादाकडे ढकलू शकते.

आता गोळीकडे वळू. फ्लुओक्सेटिन या नैराश्याच्या गोळीला अमेरिकेत १९८७ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. तेव्हापासून ‘मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालंय, ते भरून काढू’ हे वाक्य दवाखान्यांत रुळलं. समजवायला ते सोपं आहे, पण हिशोब जुळत नाही. सेरोटोनिन परत शोषून घेणारं पेशीचं दार ही गोळी काही तासांतच अडवते. नुसती टाकी भरायची असती, तर त्याच संध्याकाळी मन हलकं व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात लागतात दोन ते सहा आठवडे. सेरोटोनिन वाढताच मेंदूतले नियंत्रक आधी ब्रेक लावतात, तो सैल व्हायला वेळ जातो. पेशींमधले दुवेही हळूहळूच बदलतात. असं एक पटणारं स्पष्टीकरण आहे, पण कोडं पुरतं सुटलेलं नाही.

पोट मात्र थांबत नाही. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं, म्हणून मळमळ, जुलाब पहिल्याच दिवसांत येतात. सोबत डोकेदुखी आणि अस्वस्थपणा. गुण महिन्याने येणार आणि त्रास आजच! घरात निकाल लागतो, ‘गोळी बाधली.’ पाकीट फडताळात जातं. माझ्या मते, उपचार मोडण्याची सर्वांत मोठी फट हीच, आणि ती बुजवायला पाच मिनिटांचं बोलणं पुरतं. निम्म्या डोसपासून सुरुवात, जेवणानंतर गोळी, झोप उडत असेल तर ती सकाळी. मळमळ बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत ओसरते.

सगळंच ओसरत नाही, हेही सांगायला हवं. कामेच्छा मंदावणं टिकून राहू शकतं. रुग्ण ते लाजेने बोलत नाही, डॉक्टर घाईत विचारत नाहीत आणि गोळी गुपचूप बंद होते. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. मिर्टाझापिनने हा त्रास कमी होतो, पण वजन वाढू शकतं. म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, रक्तातलं सोडियम घसरू शकतं. आजी अचानक गोंधळल्या, तोल जाऊ लागला, तर वयावर खापर न फोडता सोडियम तपासावं. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून गुडघेदुखीची गोळीही डॉक्टरांना दाखवावी.

पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर पहिले काही आठवडे नजर हवी. या वयात गोळी सुरू करताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. एका जागी बसवेनासं झालं, मरणाचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

‘सवय लागेल’ ही भीती अर्धी खरी आहे. दारूसारखी तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण शरीर गोळीला सरावतं. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन एकदम थांबवलं तर चक्कर येते, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. बरं वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवायचं, मग पायरीपायरीने उतरवायचं.

हे सगळं समजावायला डॉक्टरच हवा असंही नाही. गोव्यातल्या ‘मानस’ प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. १२ सरकारी आरोग्यकेंद्रं, १२ खासगी दवाखाने. निम्म्या ठिकाणी एक समुपदेशक जोडून दिला होता. तो डॉक्टर नव्हता, थोडं प्रशिक्षण घेतलेला स्थानिक माणूस. आजार समजावायचा, गोळ्या चालू आहेत का विचारायचं, गरजेप्रमाणे बोलून उपचार करायचे, हे त्याचं काम. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांपैकी सहा महिन्यांत सरकारी केंद्रांत ६५.९ टक्के बरे झाले. समुपदेशक नव्हता तिथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरकच दिसला नाही. तिथे दोन्हीकडचे रुग्ण सारखेच सुधारले. माझा कयास असा, की तिथले डॉक्टर रुग्णाला घरासकट ओळखत असावेत, आणि ‘गोळी बाधली का?’ हे तेच विचारत असावेत.