बातमी मधूनच सुरू होते

आजची मुलं बातम्या बघत नाहीत, दिवसरात्र ‘बिग बॉस’मध्ये रमतात, ही तक्रार पालकसभेत हमखास येते. तक्रार खरी आहे. तिचं खापर मुलांच्या आळसावर फोडणं मात्र मला मान्य नाही. मी पुण्यात पदवीच्या वर्गांना राज्यशास्त्र शिकवते, शिवाय मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. मुली काय बघतात आणि कशावरून हमरीतुमरीवर येतात, ते माझ्यासमोरच घडतं.

२०२४च्या पावसाळ्यात ‘बिग बॉस मराठी’चा पाचवा सीझन चालू होता. जेवणं उरकली की हॉलमध्ये सतरंज्या पडायच्या. स्पर्धक निक्की तांबोळी सहस्पर्धक वर्षा उसगांवकरांना वाटेल तसं बोलली, त्या रात्री टीव्ही बंद केल्यावरही वाद थांबेना. “वयानं मोठ्या बाईशी असं बोलतात का?” असं म्हणत एक मुलगी तावातावानं उठली. दुसरीनं तिला खाली बसवलं आणि आधी कोण काय बोललं होतं ते ओळीनं सांगितलं, अगदी वकिलासारखं. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “मधलं कापलंय गं. तिचा तो चेहरा दुसऱ्याच वेळचा आहे.”

हे मला फार मोलाचं वाटतं. ‘बिग बॉस’च्या घरातले कॅमेरे दिवसभर टिपत राहतात, आपल्यापर्यंत पोहोचतो तो त्यातून निवडलेला तासाभराचा भाग. कोण भला आणि कोण खलनायक, हे बरंचसं संकलनाच्या टेबलावर ठरतं. मुलींना ते पक्कं ठाऊक आहे. साधन, संदर्भ, कोणाचा फायदा, हे सगळं त्या तपासतात. बातमी वाचायला याहून वेगळं काय लागतं?

या कार्यक्रमाचं मूळ नेदरलँड्समधलं. तिथे १९९९मध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झाला, २००६मध्ये तो ‘बिग बॉस’ होऊन हिंदीत आला आणि २०१८मध्ये मराठीत. त्याची बांधणी हुशारीची आहे. रोज तीच माणसं दिसतात, आठवड्याला नॉमिनेशन होतं, पाचव्या सीझनमध्ये शनिवार-रविवारी ‘भाऊच्या धक्क्या’वर सूत्रसंचालक रितेश देशमुख आठवड्याचा हिशेब मांडायचा. कोणी चार दिवस बघितलं नाही तरी तिला धागा परत सापडतो. शिवाय मत देता येतं आणि त्याचं काय झालं ते लगेच कळतं. ६ ऑक्टोबर २०२४ला बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला. आईवडिलांचं छत्र लहानपणीच हरपलेला, रील्स करून नाव कमावलेला हा मुलगा. गावाकडून आलेल्या माझ्या मुलींना आपलाच कोणी जिंकल्याचा आनंद झाला, आणि तो आनंद खोटा नव्हता. एखाद्याचा पाणउतारा तासभर चवीनं दाखवणं मला आजही पटत नाही, ते मी त्यांना सांगतेही.

आता खऱ्या मताचं बघू. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. त्यानंतर प्रशासक आले आणि मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ला. २०२२च्या एप्रिलमध्ये अठरा पूर्ण झालेल्या पुण्याच्या मुलीला पहिला नगरसेवक निवडायला जवळजवळ चार वर्षं थांबावं लागलं. नळाला पाणी का नाही, हे विचारायला प्रभागात तिचा माणूसच नव्हता. अशा मुलीनं महापालिकेच्या बातम्या कोणत्या ओढीनं बघायच्या?

आणि बातमी तरी कशी येते? १० जानेवारी २०२४ला शिवसेनेच्या आमदार अपात्रतेवर विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला. पडद्यावर चार चौकटी, चौघे एकदम बोलतायत, खाली लाल पट्टी धावतेय. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं वर्गात विचारलं, “मॅडम, पण हे सुरू कुठून झालं?” मी फळ्यावर लिहीत गेले. १९८५चा पक्षांतरबंदी कायदा. २३ नोव्हेंबर २०१९चा फडणवीस-अजित पवारांचा पहाटेचा शपथविधी. जून २०२२, शिवसेनेतलं एकनाथ शिंदेंचं बंड, आधी सुरत, मग गुवाहाटी. ११ मे २०२३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी दप्तर आवरलं नाही. “मग व्हीप नक्की कोणाचा धरायचा?” हा पक्षादेशाचा प्रश्न मागच्या बाकावरून आला, आणि त्या प्रकरणाची मेख तीच होती.

म्हणून वृत्तवाहिन्यांच्या आणि वर्तमानपत्रांच्या संपादकांना माझी विनंती आहे: रोज एका तरी बातमीची मागची गोष्ट पाच मिनिटांत, सलग, शांतपणे सांगा. आणि आईवडिलांनो, “बातम्या बघ” म्हणून रिमोट हिसकावून घेऊ नका. मुलीशेजारी बसा, तिच्या कार्यक्रमात काय चाललंय ते तिच्याकडून ऐका आणि मग आपल्या प्रभागात काय चाललंय ते तुम्ही तिला पहिल्यापासून सांगा.