उभा सदिश आणि आडवा सदिश

पाटीवर एकपासून दहापर्यंतचे पाढे शेजारी शेजारी मांडले, म्हणजे शंभर आकड्यांचा एक चौकोन तयार होतो. त्याच्या डाव्या कडेला 1 ते 10 हे आकडे उभे लिहावेत आणि वरच्या कडेला तेच आडवे. आतील प्रत्येक घरात त्या घराच्या दोन्ही कडांवरील आकड्यांचा गुणाकार बसतो. कडांचे वीस आकडे ठाऊक असले की आतले शंभर आपोआप मिळतात. दोन सदिशांच्या गुणाकारातून आव्यूह, म्हणजे मॅट्रिक्स, कसा निर्माण होतो याचे याहून सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल.

क्रमाने मांडलेल्या संख्यांचा समूह म्हणजे सदिश, एवढा अर्थ येथे पुरेसा आहे. उभा सदिश आधी व आडवा नंतर ठेवून गुणिले, तर पाढ्यांचा चौकोन मिळतो. यास बाह्य गुणाकार म्हणतात. आता क्रम उलटा करावा. मग पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा असे आकडे गुणून त्यांची बेरीज होते, आणि शंभर संख्यांच्या जागी 385 ही एकच संख्या हाती येते. हा आंतर गुणाकार होय. आकडे तेच आणि नियमही तोच. बदलली ती केवळ मांडणी. 'मॅट्रिक्स' हा शब्द सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने 1850 साली गणितात आणिला व केली याने 1858 च्या निबंधात आव्यूहांचे बीजगणित उभे केले.

अमेरिकेतील क्लीव्ह मोलर यांनी 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस रचलेल्या मॅटलॅब या गणनप्रणालीत हा भेद काटेकोरपणे पाळला जातो. दोन उभ्या सदिशांमध्ये गुणाकाराचे चिन्ह घातले तर प्रणाली चूक दाखवून थांबते. दुसऱ्याला आडवे करणारे चिन्ह जोडले की आव्यूह मिळतो. नवशिक्याला ही अडवणूक जाचक वाटते. वस्तुतः ती उपकारकच असते.

कंसाचेही येथे मोठे महत्त्व आहे. प्रत्येकी 10,000 संख्यांचे उभा, आडवा व पुन्हा उभा असे तीन सदिश या क्रमाने गुणावयाचे आहेत असे समजा. मॅटलॅब डावीकडून आरंभ करते. म्हणून प्रथम 10 कोटी संख्यांचा आव्यूह तयार होतो, आणि प्रत्येक संख्येस 8 बाइट या हिशेबाने 80 कोटी बाइट जागा अडते. शेवटच्या दोघांभोवती कंस घातला, तर त्यांच्यापासून एकच संख्या मिळते व तिने पहिला सदिश गुणला की काम संपते. उत्तर तेच येते, परंतु गुणाकार अवघे 20,000 लागतात.

पायथन भाषेतील नमपाय या संग्रहात, ज्याची पहिली आवृत्ती 2006 साली निघाली, निराळीच अडचण उद्भवते. तेथील साधा सदिश एकमितीय असतो. तो उभाही नसतो आणि आडवाही नसतो. त्याला आडवे करण्याची आज्ञा दिली तरी तो जसाच्या तसा राहतो. पाढ्यांचा चौकोन हवा असेल तर 'आउटर' ही स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. उलट, नको असताना चौकोन तयार होण्याचा धोका अधिक आहे. एका तापमापकाची 20, 22, 24 ही मापे उभ्या स्तंभात आहेत, आणि दुसऱ्याची नेमकी तीच मापे एकमितीय सदिशात आहेत. दोहोंची वजाबाकी केली, तर तीन शून्ये अपेक्षित असतात. नमपाय मात्र प्रत्येक मापातून प्रत्येक माप वजा करून नऊ संख्यांचा आव्यूह देते, आणि चूक झाल्याचे अवाक्षरही काढीत नाही. त्या नऊ फरकांची सरासरी शून्य भरते, त्यामुळे संशयही येत नाही. फरकांचे वर्ग करून सरासरी घेतली असता मात्र 48 भागिले 9, म्हणजे सुमारे 5.33 येते, तंतोतंत जुळणारे दोन तापमापक एकमेकांशी विसंगत ठरतात! अशा वेळी उत्तराचा आकार विचारणारी 'शेप' ही आज्ञा द्यावी. तीन ओळी व एक स्तंभ असावयास हवा तेथे ती तीन ओळी व तीन स्तंभ दाखविते.