श्वानांतील नायटा : निदान, चिकित्सा आणि लेपाविषयी सावधगिरी

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आपल्या कसमादे भागात कुत्रे नाही अशी शेतवस्ती विरळाच. त्याच्या अंगावर केस गेलेला गोल चट्टा दिसला की मालक पशुवैद्यकीय दवाखान्यात जाण्याआधी वैद्याकडे किंवा औषधी दुकानात येतो आणि "नायट्याचे काहीतरी द्या" असे सांगतो. अशा वेळी काय द्यावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय देऊ नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नायटा अथवा गजकर्ण म्हणजे आपल्या ग्रंथांतील दद्रु. चरकाचार्यांनी त्याची गणना क्षुद्रकुष्ठांत केली, तर सुश्रुताचार्यांनी महाकुष्ठांत. कुष्ठ हा संसर्गाने एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा, औपसर्गिक रोग असल्याचे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांगितले आहे. मात्र कंडू, लाली, पिडका आणि उंचावलेले मंडल ही दद्रूची लक्षणे मनुष्याच्या उघड्या त्वचेवर जशी दिसतात, तशी श्वानात दिसतीलच असे नाही. त्याच्या चट्ट्यात केस मुळाजवळ तुटलेले असतात, राखेसारखे खवले सुटतात, लाली केसांत झाकली जाते आणि खाज पुष्कळदा अगदी अल्प असते. चेहरा, कान, पुढचे पाय आणि शेपटी ही नेहमीची स्थाने. पिल्ले आणि अशक्त जनावरे अधिक बळी पडतात.

कारणीभूत बुरशी मुख्यत्वे तीन. मायक्रोस्पोरम कॅनिस हिच्या नावात श्वान असला तरी तिचे खरे आश्रयस्थान मांजर आहे. म्हणून घरात मांजर आहे काय, हे अवश्य विचारावे. ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस ही उंदीर-घुशींकडून येते, त्यामुळे कांदाचाळीत उंदरांमागे धावणाऱ्या कुत्र्यात तिचा संशय घ्यावा. तिसरी नॅनिझिया जिप्सिया जमिनीत राहते आणि माती उकरणाऱ्या कुत्र्याच्या नाकावर व पंजांवर आढळते.

आता मुख्य मुद्दा. श्वानातील प्रत्येक गोल चट्टा नायटा नसतो. किंबहुना बहुतेक नसतात. जिवाणूंमुळे होणारा पूययुक्त त्वचारोग हुबेहूब असेच वर्तुळ काढतो व त्याच्या कडेला पापुद्रा सुटतो. डेमोडेक्स या सूक्ष्म किड्यामुळे तोंडाभोवती व पुढच्या पायांवर केस जातात, आणि तेथेही प्रारंभी खाज नसते. उलट असह्य खाज, कानांच्या कडा जाड होणे आणि घरातल्या माणसांनाही खाज सुटणे ही लुतीची, म्हणजे खरजेची लक्षणे होत. नजरेने हा भेद निश्चित होत नाही. त्वचेची खोल खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास किडे दिसतात. वुड्सच्या दिव्याखाली केसांची मुळे हिरवट चमकली तर मायक्रोस्पोरम कॅनिसचा संशय बळावतो. परंतु तिचे सर्व प्रकार चमकत नाहीत, उरलेल्या दोन बुरशी चमकत नाहीत आणि मलमाचा थर मात्र कधी कधी चमकतो. बुरशीची वाढ करून पाहण्यास दोन-तीन आठवडे लागू शकतात. नमुना घेण्यापूर्वी तेल, हळद, मलम काहीही लावलेले नसावे, एवढे तरी मालकास आपण सांगू शकतो.

स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे हा स्वतंत्र चिंतेचा विषय आहे. क्लोबेटासॉलसारखे द्रव्य चार दिवस लाली दडपते आणि बुरशी आतून पसरते. रोग डेमोडेक्सचा असेल तर स्थानिक प्रतिकारशक्ती दबून किडे बळावतात. शिवाय कुत्रा मलम चाटतो, म्हणजे औषध पोटातही जाते. अशा मलमांचा वारेमाप वापर हे भारतातील मनुष्यांत औषधांना दाद न देणारा नायटा फोफावण्याचे एक कारण मानले जाते. त्यामागील बुरशीस 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. ती प्रामुख्याने माणसाकडून माणसाकडे जाते. त्यामुळे घरात कुणाला नायटा झाला की कुत्र्याला दोष देण्याची जी रीत आहे, तीही तपासून घ्यावी.

आपल्या औषधांविषयीही तितकेच स्पष्ट लिहिले पाहिजे. महामरिच्यादि तेल कुष्ठावर प्रसिद्ध आहे, पण त्याच्या पाठात हरताळ, मनःशिला, वत्सनाभ आणि करवीर आहेत. मनुष्य ते चोळून हात धुतो. कुत्रा ते चाटून पोटात घेतो. हे तेल, तसेच मोरचूद, रुईचा चीक व भिलावा यांचे लेप श्वानास देऊ नयेत. करंज व निंब तेल तुलनेने सौम्य, तरी चाटल्यास लाळ गळते, उलटी होते. टाकळ्याच्या (चक्रमर्दाच्या) बियांत बुरशीविरोधी क्रायसोफॅनॉल असते. त्या ताकात वाटून केलेला लेप लहान चट्ट्यावर, गळ्यात शंकूच्या आकाराची पट्टी अडकवून अर्धा तास ठेवून धुवावा. तोही पूरक उपाय म्हणूनच; निदानाची व मुख्य चिकित्सेची जागा तो घेत नाही.

मुख्य चिकित्सा म्हणजे चट्ट्याभोवतीचे केस कापणे, मायकोनॅझोल-क्लोरहेक्सिडिनयुक्त शाम्पूने आठवड्यातून दोनदा सर्वांग स्नान आणि वजनानुसार इट्राकोनॅझोल अथवा टर्बिनाफिन पोटातून. चुना व गंधक उकळून केलेल्या द्रावाचे अवगाहनही जगभर वापरले जाते. वास कुजक्या अंड्यांचा आणि पांढऱ्या केसांवर पिवळा डाग, एवढाच त्याचा त्रास. गंधकाचा कुष्ठघ्न गुण मानणाऱ्या वैद्यास त्यात नवल वाटू नये. मात्र द्राक्षबागेतील भुरीसाठी आणलेले गंधक कुत्र्याच्या अंगावर टाकू नये. पोटातील औषधे नोंदणीकृत पशुवैद्यकानेच द्यावीत. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानेही हा अधिकार त्यालाच दिला आहे.

निरोगी कुत्र्याचा नायटा काही महिन्यांत आपोआप मावळू शकतो, परंतु तोवर झडणारा प्रत्येक केस बीजाणू पसरवतो आणि अनुकूल जागी ते वर्षभराहून अधिक काळ टिकतात. म्हणून कुत्र्याचे गोणपाट जाळावे, फरशी साबणाने धुऊन मग ब्लीचच्या पातळ द्रावाने पुसावी आणि लहान मुलांना त्याला कुरवाळू देऊ नये. केस पुन्हा उगवले म्हणून औषध थांबवण्याची घाई मालक करतोच. बुरशीची तपासणी लागोपाठ दोनदा निरंक येईपर्यंत ते चालू ठेवावे लागते, हे औषध देतानाच त्याला सांगून ठेवावे.