चार सीटचं जुनं 'टेलव्हील' विमान घ्यायचंय? किमतीआधी पावसाळ्याचा हिशोब करा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी 'पस मॉथ' विमानातून कराचीहून टपाल मुंबईत जुहूला आणलं. बरोबर ५० वर्षांनी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी हाच प्रवास पुन्हा केला. या वेळचं विमान होतं 'लेपर्ड मॉथ'. तेही १९३० च्या दशकातलंच. म्हणजे जुनं विमान उडू शकतं. प्रश्न आहे तो सांभाळण्याचा.

टेलव्हील म्हणजे काय?

आजच्या बहुतेक छोट्या विमानांना नाकाखाली एक चाक असतं. जुन्या विमानांची दोन मोठी चाकं पुढे आणि एक छोटं चाक शेपटीखाली असायचं. चार सीटच्या अशा विमानांतलं प्रसिद्ध नाव म्हणजे सेसना १७०. १९४८ ते १९५६ या काळात अशी ५,००० हून जास्त विमानं बनली. स्टिन्सन १०८ आणि पायपर पेसर ही त्याच काळातली.

मग अडचण कुठे येते?

पहिली अडचण लँडिंगला. या विमानाचं वजन मुख्य चाकांच्या मागे झुकलेलं असतं. जमिनीवर विमान थोडं तिरकं झालं, की मागचं वजन त्याला आणखी फिरवतं. पायलटने पायांनी रडर वेळेत सावरला नाही, तर विमान गर्रकन वळतं आणि पंखाचं टोक जमिनीला घासतं. याला 'ग्राउंड लूप' म्हणतात. म्हणूनच लायसन्स असलं तरी टेलव्हीलचं वेगळं प्रशिक्षण लागतं.

दुसरी अडचण वजनाची. सीट चार असल्या तरी चार मोठी माणसं, पूर्ण इंधन आणि सामान एकत्र झेपेलच असं नाही. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तिथे एप्रिल-मेच्या दुपारी हवा विरळ होते, इंजिनाची ताकद कमी पडते आणि टेकऑफला जास्त धावपट्टी लागते.

गगनबावड्यात राहणाऱ्याने विमान घेतलं तर?

गगनबावड्यापासून हा उजळाईवाडीचा विमानतळ ५० किलोमीटरहून लांब आहे. विमान ठेवायचं तिथेच किंवा त्याहून दूर. गगनबावडा म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या सर्वाधिक पावसाच्या तालुक्यांपैकी एक. जून ते सप्टेंबर घाटावर ढग उतरलेले असतात. नजरेने दिशा ओळखत उडणाऱ्या छोट्या विमानासाठी हे दिवस जवळपास बंदच.

आणि खरा खर्च इथेच सुरू होतो. उभ्या विमानाच्या इंजिनात ओल साचते आणि आतले भाग गंजतात. आठवड्यातून दहा मिनिटं इंजिन सुरू करून ठेवणं हा उपायही नाही. तेवढ्यात तेल पुरेसं तापत नाही, उलट ओल वाढते. पंखावर कापड चढवलेलं असेल, तर त्याला ऊन आणि ओल दोन्हींचा त्रास. म्हणून बंद हँगर हवाच. त्याचं भाडं आणि वार्षिक तपासणी यांचा खर्च विमान उडो वा न उडो, ठरलेलाच.

घेण्याआधी काय तपासायचं?

• लॉगबुक सलग आहे का? जुन्या अपघाताच्या, दुरुस्तीच्या नोंदी आहेत का?
• पंखाच्या आत आणि चाकांच्या जोडणीपाशी गंज आहे का?
• इंजिन शेवटचं कधी पूर्ण उघडलं? सेसना १७० च्या इंजिनासाठी ही मर्यादा साधारण १,८०० तास धरतात. पण वर्षानुवर्षं उभं राहिलेलं इंजिन कमी तासांचं असलं तरी धोक्याचं.
• सुटे भाग आणि हे इंजिन जाणणारा मेकॅनिक मिळेल का?

विक्रीत ज्याचा फायदा नाही, अशाच मेकॅनिककडून ही तपासणी करून घ्यावी.

आणि कायदा?

विमानाची नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र डीजीसीएकडून घ्यावं लागतं. परदेशातून जुनं विमान आणायचं, तर आयातीचे नियम पैसे देण्याआधीच तपासायला हवेत. खासगी पायलट लायसन्ससाठी किमान वय १७ आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. खासगी विमानात भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. म्हणजे 'विमानच खर्च काढेल' हा हिशोब इथे चालत नाही.

थोडक्यात, विमानाची किंमत एकदाच द्यावी लागते, पावसाळा दरवर्षी येतो. ते चार महिने विमान कुठे उभं राहील आणि त्याच्याकडे कोण बघेल, हे ठरल्यावरच ॲडव्हान्स द्यावा.